संगणकाचे प्रश्न: परवाना फुकट, पण खातं कोणाचं?

यंदा उन्हाळ्यात टपालाने आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांचा विषय एकच आहे. विंडोज 10 ची नियमित दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. त्यानंतर जुन्या संगणकांना सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या मिळत राहाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स, म्हणजे ईएसयू, नावाची योजना काढली. तेव्हा ज्याला जो परवाना मिळाला तो त्याने घेतला, आणि आता कुणाचा माणूस बदलला, कुणाचं ऑफिस बदललं, तर कुणाला दुकानदाराने भलतंच काही गळ्यात मारलं. त्यातली चार पत्रं घेते. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण ते एका शाळेचं असलं तरी तशा शाळा आपल्या पाच-सहा जिल्ह्यांत गल्लोगल्ली आहेत.

प्रश्न: आमची खाजगी अनुदानित शाळा आहे. प्रयोगशाळेत माजी विद्यार्थ्यांनी दिलेले बारा संगणक आहेत, सगळ्यांवर विंडोज 10. दिवाळीच्या सुमारास आमच्या संगणक शिक्षकांनी स्वतःच्या खात्यावरून त्यातल्या दहा संगणकांना फुकटचं ईएसयू चालू करून दिलं. उरलेले दोन घेतले नाहीत. सर या महिनाअखेर सेवानिवृत्त होत आहेत. जाताना खातं काढून घेऊ का, असं विचारतात. शाळांसाठी वेगळा स्वस्त परवाना आहे असं ऐकलं. त्याकडे वळता येईल का? वळल्यावर मूळ विंडोज जाईल का? मुलांचं काम जाईल का? — मुख्याध्यापिका, सेलू तालुका

उत्तर: बाई, सरांना आधी सांगा, खात्याला अजून हात लावू नका. निरोप समारंभाच्या धांदलीत तर मुळीच नको.

दोन संगणक का राहिले ते सांगते. घरगुती ग्राहकांच्या योजनेत एका मायक्रोसॉफ्ट खात्यावर जास्तीत जास्त दहा संगणक बसतात. सरांनी दहा बसवले आणि दार बंद झालं. ही योजना मुळात घरच्या संगणकांसाठी आहे. त्यात यायचे तीन रस्ते होते: संगणकाच्या सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या ढगात, म्हणजे त्यांच्या इंटरनेटवरच्या साठ्यात, ठेवायचा आणि फुकट घ्यायचं, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे 1000 गुण मोडायचे, नाहीतर एकदाच 30 डॉलर किंवा तेवढे रुपये आणि वर कर भरायचा. रस्ता कुठलाही असो, मुदत एकच, 13 ऑक्टोबर 2026. सरांनी पहिला घेतला. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण शाळेच्या यंत्रांचा कारभार एका माणसाच्या खाजगी खात्याला जोडला गेला. फुकटच्या रस्त्याची अटच अशी आहे की संगणकावर त्या खात्याने लॉगिन असायला हवं, आणि ते खातं त्या यंत्राचं प्रशासक खातं, म्हणजे यंत्रात सगळे बदल करायचे अधिकार असलेलं खातं, असायला हवं. म्हणजे तुमची सातवी-आठवीची पोरं रोज सरांच्या नावाने प्रशासक म्हणून बसतात. परवान्याचं नंतर बघू, मला आधी याचीच काळजी वाटते.

तेव्हा क्रमाने असं करा.

प्रत्येक संगणकावर सरांच्या खात्यातच बसून नवं, मायक्रोसॉफ्टशी न जोडलेलं, म्हणजे लोकल खातं उघडा. त्याला प्रशासकाचा दर्जा द्या. पासवर्ड कागदावर लिहून ऑफिसच्या कपाटात, जिथे जनरल रजिस्टर असतं तिथे, बंद लिफाफ्यात ठेवा. त्या खात्यातून एकदा आत जाऊन बाहेर या, आणि मगच पुढचं काम. पोरांसाठी तिसरं, साधं खातं करा, प्रशासकाचं नव्हे.

मग मुलांच्या फायली. सरांनी बॅकअप चालू केला तेव्हा सेटिंगबरोबर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरंही वनड्राइव्हला, म्हणजे त्याच ढगातल्या फायलींच्या साठ्याला, लागली असण्याची बरीच शक्यता आहे. हे ओळखायला सोपं आहे. फोल्डर उघडा आणि फायलीच्या नावाशेजारची खूण बघा. हिरवी बरोबरची खूण असेल तर फाइल यंत्रावर आहे. निळ्या कडेचा रिकामा ढग असेल तर यंत्रावर नुसतं नाव आहे, फाइल वर आहे, सरांच्या खात्यात. अशा फायलींवर उजवं बटण दाबून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" निवडा, सगळे ढग हिरवे होईपर्यंत थांबा, आणि मग पूर्ण फोल्डर डी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. फुकटच्या वनड्राइव्हला जागा 5 जीबीच मिळते, आणि ती दहा यंत्रांत मिळून. त्यामुळे काही फायली वर गेल्याच नसतील, काही अर्धवट असतील. आठवीच्या स्लाइड्स आणि स्नेहसंमेलनाचे फोटो एकमेकांत मिसळलेले सापडले तर नवल वाटून घेऊ नका. लाइट जायच्या वेळा बघून हे काम सकाळी काढा. फायली उतरत असताना यूपीएसने मान टाकली की पुन्हा पहिल्यापासून.

आता एक बारीक गोष्ट, जी जवळजवळ कुणी बघत नाही. बारापैकी एखादा लॅपटॉप असेल, किंवा त्यातल्या त्यात नवं यंत्र असेल, तर सेटिंगमध्ये "डिव्हाइस एन्क्रिप्शन", म्हणजे डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का ते पाहा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन झाल्यावर काही यंत्रांवर ते आपोआप चालू होतं, आणि कुलूप उघडायचा 48 आकडी क्रमांक त्या खात्यात जाऊन बसतो. सर गेले, पासवर्ड विसरले, आणि उद्या एखाद्या दुरुस्तीत संगणकाने तो क्रमांक मागितला, तर आतलं काहीही परत मिळणार नाही. माझ्या परभणीच्या दुकानात असा लॅपटॉप घेऊन येणारे लोक हार्ड डिस्क खराब झाली समजून येतात. डिस्क ठणठणीत असते. तेव्हा एन्क्रिप्शन चालू दिसलं तर सरांनी समोर बसून तो क्रमांक छापून द्यावा, किंवा एन्क्रिप्शन बंद करून काम संपेपर्यंत थांबावं.

एवढं झालं की परवान्याकडे या. शाळा-महाविद्यालयांसाठी खरोखर वेगळा दर आहे: पहिल्या वर्षी एका संगणकाला 1 डॉलर, दुसऱ्या वर्षी 2, तिसऱ्या वर्षी 4. तिन्ही वर्षं घेतली तर एका यंत्रामागे 7 डॉलर, आणि मुदत ऑक्टोबर 2028 पर्यंत. घरगुती योजनेपेक्षा दोन वर्षं जास्त. हा परवाना दुकानात डबीत मिळत नाही आणि संगणकातल्या बटणावरूनही मिळत नाही. शैक्षणिक व्हॉल्यूम लायसन्सिंग, म्हणजे शाळांना घाऊक परवाने द्यायचं काम, करणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडून, संस्थेच्या नावाने, संस्थेच्या लेटरहेडवर मागवायचा असतो. तुमच्या संस्थेच्या दोन-तीन शाळा असतील तर एकत्र मागणी करा, एकच फाइल फिरेल.

"ऑक्टोबरपर्यंत फुकटचं चालतंय, तेव्हा बघू" असा विचार संस्थेचे सचिव मांडतीलच. त्यांना हे दाखवा: हा परवाना मागच्या वर्षांसकट घ्यावा लागतो. ऑक्टोबरनंतर दुसऱ्या वर्षात शिरलात तरी पहिल्या वर्षाचे पैसे भरावेच लागतात. थांबून रुपया वाचत नाही. उलट सर हजर आहेत तोवर काम झालं तर अर्धी डोकेदुखी कमी.

मूळ विंडोज जात नाही. व्हॉल्यूम परवान्यात तुम्हाला पंचवीस अक्षरांची एक किल्ली मिळते. ती विंडोजच्या किल्लीच्या जागी बसत नाही, तिच्या जोडीला बसते. आधीची विंडोज जशी अधिकृत होती तशीच राहते. किल्ली घालण्याआधी विंडोज 22एच2 आवृत्तीचीच आहे ना ते पाहा (स्टार्टमध्ये "विनव्हर" असं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की दिसतं) आणि आलेल्या सगळ्या दुरुस्त्या चढवून एकदा रीस्टार्ट करा. मग कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडायचा. तिथे तीन आज्ञा आहेत, तिन्ही "एसएलएमजीआर" या अक्षरांनी सुरू होतात. "आयपीके" लावून किल्ली घालायची, "एटीओ" लावून त्या वर्षाचा सक्रियण क्रमांक द्यायचा, आणि "डीएलव्ही" लावून तपासायचं. सक्रियण क्रमांक दर वर्षीचा वेगळा असतो, आणि किल्लीही. म्हणजे पुढच्या वर्षी हे पुन्हा करावं लागणार. शेवटच्या आज्ञेने जी खिडकी उघडते तिच्यात ईएसयूच्या नावापुढे "लायसन्स्ड" दिसलं की झालं. सक्रियणाच्या वेळी इंटरनेट लागतं. शाळेचा डोंगल चालेल.

बारा यंत्रांवर एकदम बसू नका. आधी एक यंत्र घ्या, ज्यावर कुणाचं महत्त्वाचं काही नाही असं. त्यावर खातं बदला, किल्ली घाला, डीएलव्ही बघा, आणि पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतर दुरुस्ती आपोआप उतरते का ते बघा. मायक्रोसॉफ्टच्या मासिक दुरुस्त्या अमेरिकेच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे त्या बुधवारी पोचतात. ती उतरली की मग बाकीची यंत्रं, आणि मग सरांची खाती काढा.

एक अडचण मात्र उरते. व्हॉल्यूमचा हा परवाना प्रो, एज्युकेशन आणि एंटरप्राइज या आवृत्त्यांना आहे, होमला नाही. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या संगणकांत होम असणारच. सेटिंग, सिस्टिम, अबाउट असं जा, तिथे लिहिलेलं असतं. होमवाल्या यंत्रांवर प्रो विकत घेऊन मग ईएसयू घेणं हा माझ्या मते पैशाचा चुराडा आहे, कारण प्रोची किंमत ईएसयूच्या कितीतरी पट होते. त्यांचं दुसरं काहीतरी करा. प्रोसेसर बघा: इंटेलचा असेल तर आय3 किंवा आय5 नंतरच्या आडव्या रेघेपुढचा आकडा 8 पासून पुढे असायला हवा. आय3-8100 विंडोज 11 ला चालतो, आय3-7100 चालत नाही. पात्र यंत्राला विंडोज 11 फुकट मिळते. आपल्याकडची कित्येक यंत्रं पात्र असूनही नापास दाखवतात, कारण टीपीएम नावाचा सुरक्षेचा भाग बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या बोर्डवर तो पीटीटी या नावाने असतो, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. चालू करा आणि पुन्हा तपासा. जी यंत्रं खरंच अपात्र आहेत त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाका. मराठी युनिकोड, लिब्रेऑफिस, स्क्रॅच, ब्राउझर, सगळं त्यावर चालतं, आणि शाळेला लागतं तेवढंच.

प्रश्न: आमची डाळमिल आहे. हिशेबाच्या खोलीत चार संगणक, सगळे विंडोज 10 प्रो. मी स्वतः पैसे भरून घरगुती ईएसयू घेतलं होतं, सुरळीत चाललं होतं. आता बँकेच्या सांगण्यावरून आम्ही एका कंपनीला कामाला लावलं आणि त्यांनी चारही संगणक आपल्या सर्व्हरच्या डोमेनला जोडले. त्यानंतर नव्या आणलेल्या जुन्या संगणकावर नोंदणीचं बटणच येत नाही. बाजारात एक जण 400 रुपयांत "तीन वर्षांची ईएसयू की" देतो म्हणतो. घेऊ का? — एक वाचक, लातूर

उत्तर: नका घेऊ.

बटण दिसत नाही त्याचं कारण सरळ आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरच्या ताब्याला, जोडलेला, मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा या तशाच ऑनलाइन ताब्याला पूर्ण जोडलेला, किंवा एमडीएमने दुरून सांभाळला जाणारा संगणक घरगुती योजनेत बसत नाही. तुम्ही पैसे भरले होते की फुकट घेतलं होतं, याने फरक पडत नाही. ऑफिसच्या शिस्तीत यंत्र गेलं की परवानाही ऑफिसचाच लागतो. खरं सांगायचं तर मिलच्या हिशेबाला तो आधीपासूनच लागत होता. घरगुती योजनेच्या अटीत धंद्याचा वापर बसतच नाही.

धंद्याचा दर शाळेसारखा नाही. पहिल्या वर्षी एका संगणकाला 61 डॉलर, दुसऱ्या वर्षी 122, तिसऱ्या वर्षी 244. तिन्हीचे मिळून 427 डॉलर, आणि तेही मागच्या वर्षांसकट. पाच संगणकांचा हिशेब तुम्ही मिलवाले माझ्याहून लवकर कराल. त्यात कर घाला आणि त्यासमोर पाच नव्या यंत्रांचं कोटेशन ठेवा. माझं मत असं: या ऑक्टोबरपर्यंत पहिल्या वर्षाचा परवाना घेऊन काम भागवा, तुरीचा हंगाम यायच्या आत टॅलीचं मुख्य यंत्र बदला, बाकीची एकेक करून. दुसऱ्या वर्षाला जुन्या यंत्रांवर पैसे ओतणं मला तरी पटत नाही. कंपनीचं विंडोज 365 चं काही चालू असेल तर त्यांना विचारा; त्या सेवेचा क्लाउड पीसी, म्हणजे इंटरनेटवरून चालणारा संगणक, वापरणाऱ्या यंत्राला ईएसयू वेगळं विकत घ्यावं लागत नाही.

आता 400 रुपयांचं. ईएसयूची धंद्याची किल्ली सुटी विकायला नसतेच. ती कुण्या संस्थेला तिच्या संगणकांच्या संख्येएवढ्या सक्रियणांसाठी दिलेली असते. जो बाजारात विकतोय त्याने ती कुठूनतरी आणलेली आहे आणि तुमच्यासारख्या दहा जणांना तीच देतोय. सक्रियणं संपली किंवा मायक्रोसॉफ्टने किल्ली रद्द केली की तुमचे पैसे गेले. वर "तीन वर्षांची एक की" हे वाक्यच त्याचं पितळ उघडं पाडतं, कारण दर वर्षीची किल्ली वेगळी. काही जण किल्लीऐवजी एक छोटी फाइल देतात, "हिला राइट क्लिक करून ॲडमिन म्हणून चालवा" म्हणतात. ज्या यंत्रावर बँकेचं कॉर्पोरेट लॉगिन आणि जीएसटीचं डिजिटल सिग्नेचर टोकन लागतं, त्यावर अनोळखी माणसाची फाइल प्रशासक म्हणून चालवणं म्हणजे आडतीच्या गल्ल्याची चावी हमालाच्या अनोळखी पाहुण्याला देणं.

पैसे कुठून वाचवायचे ते सांगते: पाचांपैकी ज्या यंत्रावर फक्त वजनकाट्याची पावती छापतात त्याचं नेट काढा. काट्याला इंटरनेट लागत नाही. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं, तेव्हा त्याला थांबवणारी दुरुस्ती मार्चमध्येच निघालेली होती. ज्यांनी ती चढवली नव्हती त्यांची यंत्रं गेली, आणि ते एका यंत्रातून दुसऱ्यात आतल्या नेटवर्कवरूनच शिरत होतं. एक यंत्र उघडं ठेवून चार झाकण्यात अर्थ नाही.

प्रश्न: माझा मुलगा जर्मनीत असतो. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर त्याने बॅकअप न देता, पैसे न देता ईएसयू घेतलं म्हणतो. माझ्या संगणकावर मात्र बॅकअप चालू कर असंच येतं. मला माझं काही वर पाठवायचं नाही. त्याचं खातं माझ्या संगणकावर टाकू का? — निवृत्त प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: सर, मुलगा खरंच सांगतोय. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या देशांसाठी मायक्रोसॉफ्टने बॅकअपची अट काढली. तिथे नुसतं मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन पुरतं, फक्त 60 दिवसांत एकदा तरी लॉगिन व्हावं लागतं. ही सवलत देशाला आहे, माणसाला नाही. आपण त्या क्षेत्रात नाही. मुलाचं खातं टाकून काय होईल, तर त्याचं खातं तुमच्या यंत्राचं प्रशासक होईल, आणि एकमेकांच्या सेटिंगची सरमिसळ.

तुम्हाला बॅकअप नको असेल तर 30 डॉलरवाला रस्ता घ्या. खरेदी करायला मायक्रोसॉफ्ट खातं एकदा लागतं, त्यानंतर विंडोजमध्ये पुन्हा लोकल खात्यानेच बसता येतं. घरात दुसरा संगणक असेल तर तोही त्याच परवान्यात बसेल, दहापर्यंत. पण पैसे भरण्याआधी एक बघा: बॅकअपच्या पानावर काय काय वर जाणार त्याची यादी असते, आणि फोल्डरांची बटणं वेगळी असतात. डॉक्युमेंट्स, फोटो, डेस्कटॉप बंद ठेवून फक्त सेटिंग चालू ठेवता येतं. तेवढ्यावर फुकटचं मिळतं. भिंतीवरचं चित्र आणि वायफायचं नाव वर गेलं तर तुमच्या प्रबंधाला धक्का लागत नाही. तरीही तत्त्वाचा प्रश्न असेल, तर पैसे भरा. मी वाद घालणार नाही.

प्रश्न: दुकानात विंडोज 7 आहे, मस्त चालतं. त्याला हे ईएसयू चालेल का? — झेरॉक्स सेंटर चालक, भूम

उत्तर: नाही. विंडोज 7 ची नियमित दुरुस्ती 14 जानेवारी 2020 ला संपली. कंपन्यांना पैसे भरून मिळणारं ईएसयूही 10 जानेवारी 2023 ला संपलं, आणि घरगुती ग्राहकांसाठी ते कधी नव्हतंच. तुमच्याकडे लोक आधारची पीडीएफ, दहावीची मार्कशीट, कधी बँकेचं स्टेटमेंट पेनड्राइव्हवर घेऊन येतात. त्या यंत्राचं इंटरनेट आजच काढा, जुन्या मराठी फॉन्टच्या डीटीपीपुरतं ते ठेवा, आणि ऑनलाइन फॉर्म भरायला वेगळं यंत्र घ्या. ते जुनं घेत असाल तर दुकानदाराला प्रोसेसरचं पूर्ण नाव विचारा. नुसतं "आय5 आहे" या उत्तरावर पैसे देऊ नका.